सातवा रकाना

अपघात रजिस्टरात आठ रकाने.
सातवा कारणाचा, सगळ्यांत अरुंद.
एका ओळीत मावेल एवढंच कारण घडावं
असं छापखान्याला वाटलं असणार.

चवथीच्या आधीचा शुक्रवार. कुडचड्याचं आमचं सुपरमार्केट,
बिलिंगची रांग दारातून बाहेर, माटोळीवाल्यांच्या पायांत.
मागे गोडाऊनच्या उतारावर
उमाकांत वेळीप पॅलेट ट्रकचा दांडा धरून,
आणि त्याच्या मागे सूर्यफूल तेलाच्या बेचाळीस पेट्या.
डावं चाक अडलं.
पेट्या नाही अडल्या.

मी ऐकला तो आवाज पेट्यांचा.
त्याचा आवाज नव्हताच.
तो पडलाही नाही. अर्धा वाकून तसाच राहिला,
खाली नाणं पडलंय आणि सापडत नाहीये
असा.

"बाय, फाट गेली," म्हणाला.

फाट म्हणजे पाठ, आमच्या कोकणीत.
मी फोंड्याची, घर कोकणी, शाळा मराठी,
पण त्या क्षणी मला ऐकू आलं ते क्रियापद:
फाटली, फाटत गेली,
शिवणीवरून कापड जावं तशी.
रजिस्टर इंग्रजीत. तिथे मी लोअर बॅक लिहिलं.
दोन भाषा ओलांडून येईस्तोवर
दुखणं किती आटोपशीर झालं होतं.

सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं तेव्हा
कार्व्हालो साहेब मागे उभे होते.
चुकीच्या पद्धतीने उचललं, असं घाल.
सर, तो उचलत नव्हता, ओढत होता.
मग चुकीच्या पद्धतीने ओढलं.
माणूस वाईट नाही. बाहेर दोन ट्रक उभे होते,
फोन वाजत होता.
मी घातलं.

गोडाऊनच्या भिंतीवर पोस्टर आहे:
गुडघे वाकवा, कंबर नको.
चित्रातला माणूस हसतो आहे. त्याच्याकडे पेटी एकच.

चाकाबद्दल तीनदा मेल गेली होती, मीच पाठवलेली.
एप्रिल, जून, जुलै.
उत्तर एकदा आलं: पाठपुरावा चालू आहे.

चवथीला दुकान बंद. पंचमीला मी लवकर गेले.
पॅलेट ट्रक एकटीला उलटेना, वॉचमन मिंगेल धावला.
कटर घेऊन डावं चाक सोलत बसले.
पॅकिंगच्या प्लास्टिकचा पीळ,
कांद्याच्या पोत्याची लाल जाळी, सुतळी,
'दोन घ्या, एक फुकट'चं अर्धं स्टिकर,
आणि लांब केस. बहुतेक माझेच.
मुठीएवढा गोळा निघाला.
घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं.
मिंगेलने चाकाला टिचकी मारली. ते फिरत राहिलं,
थांबेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

गोळा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या मागे.
रजिस्टरात खाडाखोड चालत नाही,
केलीच तर बाजूला सही लागते.
मी आधी सही केली, मग खाडाखोड.
उलट्या क्रमाने हात उचलला नसता.

वेळीप परवाच्या गुरुवारी आला, ईएसआयची चिठ्ठी द्यायला.
पायात नव्या चपला, वाकून बांधायला लागत नाहीत अशा.
मी खुर्ची पुढे केली. बसला नाही.
बसलो की उठताना सगळे बघतात, म्हणाला.
काउंटरची कड धरून उभा राहिला.
गोडाऊनकडे बघायचं होतं,
तर मान वळेना, अख्खा वळला,
कपाट सरकवतात तसा, थोडा थोडा.

"चाक घुंवता न्ही आतां?"

फिरतं, मी म्हटलं.
सातव्या रकान्याचं सांगणार होते, तोवर तो म्हणाला,
"बरें जालें. नवो भुरगो बारीक आसा."